पूलचा क्यू आणि शाफ्ट: निवड कशी करावी आणि केलेल्या निवडीवर टिकून कसे राहावे

पूल हा टेबलावर खेळायचा खेळ शिकायला लागलेला माणूस पहिल्या काही आठवड्यांतच एका प्रश्नापाशी अडतो: चेंडू पॉकेटमध्ये जात नाही तो हाताच्या चुकीमुळे की क्यूच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठीच्या, दोषामुळे? रॅकमधून आज एक आणि उद्या दुसरा क्यू उचलणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर मिळू शकत नाही, कारण त्याच्या खेळातल्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलत असतात. क्यूची निवड हा एका दिवसाचा निर्णय असतो आणि त्याची सवय होणे हे काही महिन्यांचे काम असते; नवशिके बहुधा पहिल्या गोष्टीवर फार आणि दुसरीवर फार थोडा विचार खर्च करतात. या लेखात दोन्हींचा क्रमाने विचार केला आहे. त्यातही शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, आणि टिप, म्हणजे त्याच्या टोकावरचे चामडे, यांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण क्यूच्या पुढच्या वीतभर भागात जे घडते त्यावरच नेम अवलंबून असतो. बटावरची, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागावरची, नक्षी, जडावाचे काम आणि झिलई हा हौसेचा भाग आहे.

पहिली पायरी: महिनाभर रॅकमधलाच, पण एकच क्यू

स्वतःचा क्यू घेण्याआधी निदान एक महिना क्लबच्या क्यूने खेळावे, मात्र रोज तोच क्यू घेऊन. त्यासाठी पहिल्या दिवशी दहा मिनिटे खर्च करून रॅकमधला त्यातल्या त्यात बरा क्यू शोधावा आणि त्याच्यावरचा एखादा ओरखडा किंवा डाग लक्षात ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो ओळखता येतो. सरळपणा पाहण्यासाठी सुतार फळीची कड पाहतो त्याप्रमाणे बटाचे टोक डोळ्याजवळ धरून, एक डोळा मिटून, टिपेपर्यंत नजर न्यावी. त्यानंतर क्यू टेबलावर आडवा ठेवून हळूहळू लोळवावा. अनेक जण या वेळी क्यू डगमगतो का, एवढेच पाहतात आणि चांगला क्यू उगाच बाजूला ठेवतात. पाहायचे ते शाफ्ट आणि कापड यांच्यामधल्या उजेडाच्या फटीकडे: क्यू फिरत असताना ती फट सारखीच राहिली तर लाकूड सरळ आहे, ती उघडमिट होत असेल तर लाकडाला बाक आला आहे.

टिप घुमटासारखी गोलाकार असावी. ती चपटी, चकचकीत किंवा एका बाजूने झिजलेली असेल तर तो क्यू घेऊ नये. टिपेखालच्या पांढऱ्या नळीला, म्हणजे फेरूलला, तडा गेलेला नसावा. क्यूच्या मागच्या भागावर पुष्कळदा १८ ते २१ यांपैकी एखादा आकडा छापलेला असतो. तो औंसांतले वजन दाखवतो.

या महिन्यात स्वतःविषयीच्या दोन मापांची नोंद करून ठेवावी. पुढचा हात जिथे टेकतो त्या ब्रिजपासून पांढऱ्या चेंडूपर्यंतचे अंतर किती असते, हे पहिले माप. मागच्या हाताची मूठ बटाच्या टोकापासून किती इंचांवर पडते, हे दुसरे. ही मापे मित्राकडून मोजून घ्यावीत आणि तेही आपले लक्ष नसताना, कारण मोजमाप चालू आहे असे कळले की माणूस पुस्तकातल्या चित्रासारखा उभा राहतो. दोन्ही मापे पुढे उपयोगी पडणार आहेत.

दुसरी पायरी: लांबी, वजन आणि तोल

दोन भागांच्या पूल क्यूमध्ये मागचा जाड भाग म्हणजे बट आणि पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. दोन्ही जिथे एकमेकांत फिरवून बसतात तो जॉइंट. शाफ्टच्या टोकाला फेरूल आणि त्यावर चामड्याची टिप असते. बटावर हाताच्या पकडीसाठी कधी विणलेला दोरा, कधी चामडे किंवा रबर गुंडाळलेले असते आणि कधी काहीच नसते. तळहाताला फार घाम येत असेल तर दोऱ्याची पकड सोयीची पडते, बाकी हा आवडीचा प्रश्न आहे.

बाजारातले बहुतेक पूल क्यू ५७ ते ५८ इंच लांबीचे असतात आणि सर्वसाधारण उंचीच्या माणसाला ही लांबी पुरते. चेंडूला टिप लागण्याच्या क्षणी मागच्या हाताचा कोपराखालचा भाग जवळजवळ उभा असावा. त्या स्थितीत मूठ बटाच्या अगदी शेवटच्या टोकावर येत असेल तर लांब क्यू किंवा मागे जोडायचा एक्स्टेन्शन पाहावा. जागतिक पूल-बिलियर्ड संघटनेच्या नियमांनुसार क्यूची लांबी किमान ४० इंच, वजन जास्तीत जास्त २५ औंस आणि टिपेची रुंदी जास्तीत जास्त १४ मि.मी. असू शकते. या मर्यादा इतक्या सैल आहेत की नवशिक्याला त्यांची अडचण कधी भासत नाही.

वजनाच्या बाबतीत १९ औंस, म्हणजे सुमारे ५४० ग्रॅम, येथून सुरुवात करावी. अर्ध्या औंसाचा फरक पहिल्या दिवशी फार मोठा वाटतो आणि दहाव्या दिवशी जाणवतही नाही. अनेक क्यूंच्या बटात मागच्या रबरी बुचाखाली वजनाचा एक स्क्रू असतो आणि तो बदलून वजन कमीजास्त करता येते, म्हणून वजनाच्या कारणावरून एखादा चांगला क्यू नाकारू नये. तोल पाहण्यासाठी जोडलेला क्यू एका बोटावर आडवा तोलून धरावा. तोलाचा बिंदू बहुधा बटाच्या टोकापासून १८ ते १९ इंचांच्या आसपास येतो. तो पुढे सरकलेला असेल तर शाफ्ट ब्रिजवर दाबून बसतो, मागे असेल तर हलका वाटतो. काहींना पहिला प्रकार आवडतो, काहींना दुसरा.

तिसरी पायरी: शाफ्ट

येथे थोडे थांबून समजून घ्यायला हवे, कारण शाफ्टविषयी जितके बोलले जाते त्यातले निम्मे विक्रेत्याच्या सोयीचे असते.

चेंडूच्या मध्यावर टिप मारली तर तो क्यूच्या रेषेत जातो. मध्याच्या उजवीकडे मारली तर त्याला उजवी साइड, म्हणजे बाजूची फिरकी, मिळते, पण त्याच वेळी तो क्यूच्या रेषेपासून किंचित डावीकडे सटकतो. यालाच डिफ्लेक्शन किंवा स्क्वर्ट म्हणतात. कारण असे की टिप आणि चेंडू यांचा संपर्क सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकतो, आणि तेवढ्या वेळात फिरू लागलेला चेंडू टिपेला स्वतःबरोबर बाजूला ओढतो. शाफ्टचे टोक जितके जड, तितके ते बाजूला व्हायला नाखूश असते आणि तितक्याच जोराने चेंडूला उलट बाजूला लोटते. एवढ्याशा वेळात हा धक्का शाफ्टमध्ये फार मागेपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे टोकाकडच्या साधारण ६ ते ८ इंचांचे वजनच येथे मोजायचे. बट कोणत्या लाकडाचा आहे, जॉइंट पोलादी की लाकडी, याचा या सटकण्यावर परिणाम नाही. त्याने हाताला जाणवणारा ठोका आणि कानाला ऐकू येणारा आवाज तेवढा बदलतो.

लो-डिफ्लेक्शन शाफ्ट म्हणजे टोकाचे वजन कमी केलेला शाफ्ट. त्यासाठी टोक पोकळ करतात, फेरूल आखूड आणि हलक्या पदार्थाचा बसवतात, व्यास कमी ठेवतात. १९९० च्या दशकात प्रीडेटर कंपनीने ‘३१४’ हा शाफ्ट बाजारात आणल्यावर या कल्पनेचा प्रसार झाला आणि त्याच कंपनीने २०१६ च्या सुमारास ‘रेव्हो’ हा कार्बन फायबरचा शाफ्ट आणल्यानंतर इतर अनेक उत्पादकही त्या वाटेला लागले. पारंपरिक शाफ्ट मेपलच्या घट्ट लाकडाचा आणि टोकाला १२.७५ ते १३ मि.मी. व्यासाचा असतो, लो-डिफ्लेक्शन शाफ्ट बहुधा ११.८ ते १२.५ मि.मी.च्या आसपास असतात. कार्बनचा शाफ्ट हवेतल्या ओलाव्याने वाकत नाही, त्यावर खाचा पडत नाहीत आणि तो पुसायला सोपा असतो. माझ्या मते त्याची खरी बाजू ही आहे. त्याने जास्त स्पिन मिळतो, असे जे सांगितले जाते ते मात्र तपासून पाहावे. मध्यापासून सारख्याच अंतरावर मारले तर साधा आणि लो-डिफ्लेक्शन शाफ्ट जवळजवळ सारखाच स्पिन देतात. फरक असा वाटतो, कारण साध्या शाफ्टने नेम सुधारून घेताना खेळाडू नकळत क्यू तिरपा करतो आणि टिप वाटते त्यापेक्षा मध्याच्या जवळ लागते.

एका अंशाच्या फरकाने काय होते ते पाहू. चेंडू एक अंश बाजूला सटकला तर एक मीटरवर तो सुमारे १७ मि.मी. आणि दोन मीटरवर सुमारे ३५ मि.मी. चुकतो. पूलच्या चेंडूचा व्यास ५७ मि.मी. आहे. म्हणजे लांब शॉटमध्ये अर्ध्या चेंडूहून अधिक गफलत केवळ शाफ्टच्या स्वभावामुळे होऊ शकते, आणि अनुभवी खेळाडू ती न मोजता, सवयीने भरून काढत असतो. त्याने शाफ्ट बदलला की ही सवयच चुकीची ठरते.

घेण्याआधी शाफ्ट कसा वागतो हे टेबलावर पाहता येते. पांढरा चेंडू टेबलाच्या एका टोकाला, कुशनपासून (टेबलाच्या रबरी कडेपासून) वीतभर पुढे ठेवावा आणि समोरच्या लांबच्या कुशनवर खडूचा ठोकळा ठेवून तो नेमाचा बिंदू धरावा. आधी मध्यावर मारून चेंडू ठोकळ्याखालीच लागतो ना, हे पाहावे. मग अख्खा क्यू समांतर सरकवून टिप सुमारे एक सेंटिमीटर उजवीकडे आणावी, क्यू शक्य तितका आडवा ठेवावा आणि जोराने मारावे. चेंडू ठोकळ्याच्या डावीकडे लागेल. किती डावीकडे लागला हे मित्राने कुशनपाशी उभे राहून पाहावे. अशा दहा-दहा खेपा दोन्ही बाजूंना कराव्यात. मध्यम किंवा हळू गतीने मारले तर चेंडू वाटेत वळून परत नेमाच्या रेषेकडे येतो आणि मोजमाप खोटे ठरते, म्हणून जोर आवश्यक आहे. ही चाचणी दुकानात शक्य नसेल तर ज्याच्याकडे तो शाफ्ट आहे अशा खेळाडूला विनंती करून अर्धा तास मागून घ्यावा. आपल्या क्यूवर जीव असलेला माणूस तो दुसऱ्याच्या हातात सहज देत नाही, पण अशा चाचणीसाठी म्हटल्यावर तोही बघ्या म्हणून उभा राहतो, असा अनुभव आहे.

दुसरी चाचणी अधिक उपयोगाची आहे. तिला आधी नोंदवलेले ब्रिजचे माप लागते. ठोकळ्याकडे सरळ नेम धरावा, ब्रिजचा हात जागचा हलवू नये आणि केवळ मागचा हात डावीकडे नेऊन टिप चेंडूच्या उजव्या बाजूला आणावी. क्यू आता ठोकळ्याच्या थोडा उजवीकडे रोखलेला असतो आणि डिफ्लेक्शन चेंडूला डावीकडे ढकलते. दोन्ही सारखे असतील तर चेंडू सरळ ठोकळ्याकडे जातो. चेंडू उजवीकडे गेला तर ब्रिज थोडा लांब करावा, डावीकडे गेला तर आखूड. ज्या अंतरावर चेंडू सरळ जातो ते त्या शाफ्टचे नैसर्गिक पिव्हट अंतर होय. उदाहरणार्थ, ब्रिज २५ सें.मी.वर असताना टिप एक सेंटिमीटर बाजूला नेली की क्यू सुमारे २.३ अंशांनी तिरपा होतो. त्या शाफ्टचे डिफ्लेक्शनही तेवढेच असेल तर त्याचे पिव्हट अंतर २५ सें.मी. आहे.

हे अंतर आपल्या नेहमीच्या ब्रिजच्या जवळ असलेला शाफ्ट नवशिक्याच्या चुका पोटात घालतो. मनात नसताना मागचा हात वाकडा गेला आणि टिप बाजूला लागली, तरी दोन चुका एकमेकींना खोडतात आणि चेंडू बऱ्यापैकी सरळ जातो. लो-डिफ्लेक्शन शाफ्टचे पिव्हट अंतर पारंपरिक शाफ्टपेक्षा लांब असते. म्हणून आखूड ब्रिजने खेळणाऱ्याला अत्यंत कमी डिफ्लेक्शनचा शाफ्ट हाती येताच, आपला स्ट्रोक अचानक बिघडला, असे वाटू शकते. शाफ्टवरच्या जाहिरातीतला आकडा कमी म्हणजे शाफ्ट चांगला, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

व्यास आणि निमुळतेपणा यांचा निर्णय बोटांवर सोपवावा. काही शाफ्ट टोकापासून १० ते १४ इंचांपर्यंत एकाच जाडीचे असतात, त्यामुळे ब्रिजमधून सरकताना त्यांची जाडी बदलत नाही. काही शाफ्ट टोकापासूनच हळूहळू जाड होत जातात. बोटांची कडी करून बंद ब्रिज धरणाऱ्याला पहिला प्रकार सोयीचा पडतो. उघड्या ब्रिजने खेळणाऱ्याला दुसऱ्याने फारसा फरक पडत नाही. जाड बोटांच्या माणसाने ११.८ मि.मी.च्या मागे धावू नये. टोक बारीक असले की टिप चेंडूवर कुठे लागते ते स्पष्ट दिसते हे खरे, पण स्ट्रोकमधली थरथरही तितकीच स्पष्ट होते.

चौथी पायरी: टिप

टिप हा क्यूचा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि चेंडूला लागणारा एकमेव भागही तोच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या फ्रांस्वा मिंगो यांनी क्यूच्या टोकावर चामडे बसवले, तेव्हापासून चेंडूला मनासारखा फिरवणे शक्य झाले. १८९७ मध्ये विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स या अमेरिकनांनी आधुनिक खडूचे पेटंट घेतले; आपण ज्याला खडू म्हणतो तो फळ्यावरचा खडू नसून सिलिका आणि खरखरीत कणांचे मिश्रण असते. चामडे पकड देते आणि खडू ती पकड टिकवतो. या दोन्हींच्या बळावर टिप मध्यापासून चेंडूच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंत, म्हणजे सुमारे १४ मि.मी.पर्यंत, न घसरता मारता येते. त्यापलीकडे गेले की मिसक्यू होतो, म्हणजे टिप चेंडूवरून घसरते, मग टिप कितीही महाग असो.

टिपा मऊ, मध्यम आणि कडक अशा असतात. एकाच चामड्याच्या किंवा पातळ थर चिकटवून केलेल्या असतात. मऊ टिप खडू छान धरते, पण लवकर चपटी होऊन कडेला छत्रीसारखी पसरते. कडक टिप आकार टिकवते आणि खडूकडे दुर्लक्ष झाले तर घसरते. सुरुवातीला मध्यम कडकपणाची टिप घ्यावी. मऊ टिपेने स्पिन जास्त मिळतो, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात आकार नीट राखलेली आणि खडू लावलेली कडक टिपही त्याच मर्यादेपर्यंत चेंडू फिरवते.

आकाराकडे मात्र रोज पाहावे. टिपेचा घुमट अमेरिकेतल्या निकेल किंवा डाइम या नाण्याच्या कडेशी जुळवण्याची रीत आहे. निकेलची त्रिज्या सुमारे १०.६ मि.मी. आणि डाइमची सुमारे ९ मि.मी. असते. नाणे टिपेच्या मागे धरून उजेडाकडे पाहिले की घुमट कुठे सपाट झाला आहे ते लगेच दिसते. सपाट झाला असेल तर शेपरने, म्हणजे टिप घासून आकार देण्याच्या साधनाने, दोन-चार हलके हात फिरवावेत, त्यापेक्षा जास्त नको. दर आठवड्याला टिप घासणारा माणूस तिला महिन्यात संपवतो. बाहेर पसरलेली कड फेरूलच्या रेषेत छाटून घ्यावी आणि ओलसर करून कापडाने किंवा चामड्याच्या तुकड्याने जोरात चोळावी, म्हणजे ती घट्ट होते. कडेची उंची १ ते १.५ मि.मी.पर्यंत उतरली की टिप बदलण्याची वेळ आली असे समजावे.

खडू लावण्याचीही पद्धत आहे. बहुतेक नवशिके ठोकळा टिपेवर दाबून क्यू गरगर फिरवतात; त्याने खडूच्या मधोमध खड्डा पडतो, फेरूल निळा होतो आणि टिपेच्या नेमक्या ज्या कडेने साइड द्यायची असते ती कोरडी राहते. क्यू थोडा तिरपा धरून, रंगाचा ब्रश फिरवावा तसा ठोकळा कडेकडेने हलका ओढावा आणि क्यू बोटांत फिरवत सगळीकडून एक थर बसवावा. त्यानंतर टिपेकडे एकदा पाहावे. कुठे चकाकणारा ठिपका दिसला तर तेथे खडू लागलेला नाही. हे प्रत्येक शॉटआधी करायचे आहे.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष खरेदी

दुकानात शाफ्ट वेगळा, बट वेगळा आणि दोन्ही जोडून, असा तीनदा सरळपणा पाहावा. सुटे भाग सरळ असून जोडल्यावर बाक दिसला तर दोष जॉइंटमध्ये आहे आणि तो घरी दुरुस्त होत नाही. जॉइंट बंद झाल्यावर सांध्यावरून नख फिरवावे, खाच जाणवू नये. जॉइंटच्या स्क्रूचा प्रकारही लिहून घ्यावा: काही ५/१६ इंच जाडीचे आणि इंचाला १४ किंवा १८ आट्यांचे असतात, काही ३/८ इंचाचे आणि १० आट्यांचे, शिवाय झटपट बसणारे आणखी प्रकार आहेत. ते एकमेकांत बसत नाहीत. पुढे त्याच बटासाठी दुसरा शाफ्ट घ्यायचा झाला तर हीच नोंद हाताशी लागते. पैसे वाटून खर्च करायचे असतील तर बट साधा आणि शाफ्ट चांगला, अशी वाटणी करावी.

ब्रेकसाठी, म्हणजे डावाच्या सुरुवातीला रचलेले चेंडू फोडणाऱ्या पहिल्या फटक्यासाठी, स्वतंत्र क्यू हवा का? पहिल्या दिवशी नको. पण नेहमीच्या क्यूने पूर्ण ताकदीचे ब्रेक मारत राहिल्यास टिप दबून कडक होते आणि तिचा आकार बिघडतो, हे लक्षात ठेवावे. खेळ नियमित झाला की कडक टिपेचा एक स्वस्त क्यू त्यासाठी ठेवावा, किंवा ब्रेकपुरता रॅकमधला क्यू उचलावा. उंची किमतीच्या शाफ्टचे आयुष्य वाढवण्याचा हा सर्वांत सोपा उपाय आहे.

सहावी पायरी: टिकून राहणे

आता अवघड भाग. नवा क्यू आला की पहिले दोन दिवस सगळे चेंडू पडतात, कारण नवेपणामुळे माणूस लक्ष देऊन खेळतो. तिसऱ्या आठवड्यात नेम ढळू लागतो आणि शंका येते. मी स्वतः अशाच शंकेपायी एका वर्षात तीन शाफ्ट बदलले. दर वेळी पहिला पंधरवडा सुखाचा गेला आणि दर वेळी त्याच लांब, हलक्या साइडच्या शॉटवर घोडे अडले. चौथा शाफ्ट घ्यायला निघालो असताना एका जुन्या खेळाडूने मला पांढऱ्या चेंडूऐवजी पट्ट्याचा चेंडू वापरून, पट्टा उभा ठेवून, मध्यावर मारायला सांगितले. मध्यावर मारतो आहे असे मला वाटत होते. पट्टा मात्र प्रत्येक खेपेला डोलत होता. मी प्रत्येक शॉटला नकळत थोडी उजवी साइड देत होतो आणि तीन शाफ्टनी आपापल्या स्वभावानुसार ती चूक तीन निरनिराळ्या ठिकाणी नेऊन दाखवली होती. दोष एकच होता.

म्हणून पहिले सहा महिने शाफ्ट, टिपेचा प्रकार, वजन आणि पकड यांपैकी काहीही बदलू नये. टिप झिजली तर त्याच कंपनीची, त्याच कडकपणाची बसवावी आणि ती चार-पाच बैठकांत दबून बसेपर्यंत तिच्याविषयी मत बनवू नये. बदल करणे भागच असेल तर एका वेळी एकच करावा. बदलाआधी आणि नंतर तीच ठरावीक तालीम करून आकडे लिहावेत: मध्यावरचे लांब सरळ शॉट वीस, उजव्या साइडचे वीस, डाव्या साइडचे वीस. मध्यावरच्या शॉटमध्येच गुण कमी पडत असतील तर क्यूला दोष देता येत नाही, कारण मध्यावर मारताना डिफ्लेक्शनचा प्रश्नच येत नाही.

टिकून राहण्याची ओढ किती खोल असते याचे उदाहरण स्नूकरमध्ये आहे. स्टीफन हेंड्री यांनी १९९० ते १९९९ या काळातली आपली सातही जागतिक अजिंक्यपदे एकाच क्यूने जिंकली आणि २००३ मध्ये विमानप्रवासात तो क्यू तुटला. त्यानंतरही त्यांनी २००५ चा माल्टा कप जिंकला, आठवे जागतिक अजिंक्यपद मात्र मिळाले नाही. एका क्यूमुळे कारकीर्द वळली, असे यावरून म्हणणे धाडसाचे होईल, कारण वय आणि प्रतिस्पर्धी हेही बदलत होते. पण प्रवासात क्यू कडक पेटीत ठेवावा आणि जमल्यास हातातून सोडू नये, एवढे निश्चित म्हणता येते.

लाकडी शाफ्ट उन्हात तापलेल्या गाडीत किंवा दमट जागी ठेवू नये आणि भिंतीला तिरपा टेकवून रात्रभर सोडू नये. खेळून झाल्यावर तो कोरड्या मऊ कापडाने, कापड किंचित गरम होईपर्यंत, पुसावा. काचकागद लावू नये; प्रत्येक घासण्याने व्यास थोडा कमी होतो आणि काही वर्षांनी १३ मि.मी.चा शाफ्ट साडेबारावर आलेला असतो, म्हणजे न बदलताही बदललेला असतो. कार्बनचा शाफ्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसता येतो. भाग सुटे केले की दोन्ही तोंडांवर जॉइंटची टोपणे लावावीत.

बदल योग्य ठरतो अशी कारणे मोजकी आहेत: लाकडाला बाक आला, फेरूलला तडा गेला, जॉइंट सैल झाला, किंवा ब्रिजचे माप सरावाने कायमचे बदलले आणि तालमीच्या आकड्यांत ते दोन-तीन महिने सलग दिसत राहिले. अशा वेळी नवा शाफ्ट जुन्याच्या व्यासाचा आणि पिव्हट अंतराचा मिळतो का, हे आधी पाहावे. दोन्ही शाफ्ट आलटून पालटून वापरू नयेत. जुना शाफ्ट विकूनही टाकू नये. टोपण लावून, आडवा, कोरड्या जागी ठेवावा आणि त्याच्या पिशवीत टिपेचे नाव, व्यास, वजन आणि ब्रिजचे माप लिहिलेली चिठ्ठी घालावी.